सिस्टरांचा धीर

“आतां यांना घरीं न्या,” हें वाक्य ज्या कुटुंबानें एकदां ऐकलें असेल, त्याला त्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाहीं. २०२२ च्या श्रावणांत मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयांत तें आम्हीं ऐकलें. काकांच्या गालाच्या आंतल्या बाजूचा कर्करोग शस्त्रक्रिया व किरणोपचार होऊनहि उलटला होता. आतां तो बरा व्हावयाचा नव्हता. डॉक्टर सौजन्यानें बोलले. मॉर्फीनच्या गोळ्या, पोट साफ होण्याच्या गोळ्या, जखम कशी धुवावी याचा एक कागद आणि एक दूरध्वनीचा क्रमांक त्यांनीं आमच्या हातीं दिला, आणि “गांवाजवळ एखादी नर्स असेलच, तिला हा कागद दाखवा,” असें सांगितलें. दादरहून विरार, विरारला गाडी बदलून डहाणू रोड, असा सव्वाशें किलोमीटरांच्या आसपासचा तो प्रवास काकांनीं उपरण्यानें तोंड झांकून केला. डब्यांत त्यांच्या शेजारीं कोणी बसेना. जखमेला वास येऊं लागला होता.

आमचें घर डहाणू तालुक्यांत, चिकूच्या वाडीच्या कडेला आहे. काका, काकू, आम्ही दोघे भाऊ, सुना, मुलें अशीं बारा-तेरा माणसें एका छपराखालीं नांदणारीं. काकांचा सारा जन्म शाळा शिकविण्यांत गेला. तंबाखूचें पान मात्र त्यांना सोडवलें नाहीं; हें येथें लपवून काय उपयोग? गांवांत लहानथोर त्यांना गुरुजी म्हणत. दुखण्यानें जबडा धरल्यावर अन्नपाणी नाकांतल्या नळीवाटे सुरू झालें आणि बोलणें कोणाला कळेनासें झालें. तेव्हां त्यांनीं नातवाची पाटी मागून घेतली व पुढचे दोन महिने आमच्याशीं पाटीवर संभाषण केलें. अक्षर शेवटपर्यंत वळणदार होतें.

उपकेंद्र आमच्या घरापासून चालत अर्ध्या तासावर. तेथल्या नर्सबाईंना गांव सिस्टर म्हणे, आम्हीहि तसेंच म्हणूं. वय सत्तावीस-अठ्ठावीस, माहेर तलासरी तालुक्यांतल्या एका वारली पाड्यावरचें, शिक्षण आधीं आश्रमशाळेंत आणि मग नर्सिंगचें. त्यांनीं तो कागद उभ्यानें दोनदां वाचला.

“दादा, बाळंतपण सांगा, लस सांगा, सर्पदंश सांगा, मी मागें हटणार नाहीं. पण हें मला जमेल असें वाटत नाहीं. हें मोठ्या दवाखान्याचें काम.”

आणि गंमत अशी कीं, त्या बोलत होत्या तेथेंच, त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर बारा प्रकारच्या सेवांची यादी रंगविलेली होती आणि तींत हें कामहि होतें! बरें न होणाऱ्या रोग्याची वेदना, धाप, झोंप, जखमेचा वास, मनाची तगमग यांची काळजी घेणारी ही शाखा. सरकारी कागदांत तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, आपण उपशामक शुश्रूषा म्हणूं. २०१८ पासून केंद्र सरकारनें खेड्यांतल्या उपकेंद्रांना नवें रूप देण्यास आरंभ केला (आज त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात), तेव्हां हें कामहि त्यांच्या पदरीं घातलें. पाटी रंगविणें एका दिवसाचें काम. पाटीखालीं उभ्या राहणाऱ्या बाईच्या पोटांतला गोळा कसा जावयाचा?

“प्रशिक्षणांत सांगितलें होतें,” सिस्टर म्हणाल्या, “पण ऐकलेलें वेगळें आणि हातून झालेलें वेगळें.”

तथापि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या आल्या. काकूंनीं त्यांना ओटीवर बसविलें आणि चहा दिला, तो बाहेरच्या माणसांसाठीं निराळ्या ठेवलेल्या पेल्यांतून. आम्हीं तें पाहिलें व कांहीं बोललों नाहीं. नर्सचें काम हलकें मानणारी आमची मंडळी. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनानें आपल्याकडील विधवा मुलींना परिचारिकेच्या धंद्याकडे वळविलें, त्या संस्थेचा जन्म १९०९ सालचा. त्याला शंभरावर वर्षें होऊन गेलीं, आणि आमच्या ओटीवर तो पेला अजून होताच.

पट्टी सोडली तेव्हां आमची भावजय तोंडाला पदर लावून बाहेर गेली. सिस्टर गेल्या नाहींत, पण त्यांचे हात कांपत होते. त्यांनीं मिठाच्या कोमट पाण्यानें जखम धुतली; कागदांत लिहिल्याप्रमाणें मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या खलांत घोटून त्यांची वस्त्रगाळ भुकटी जखमेवर पसरली; वर स्वच्छ कापड घातलें. असें रोज. पांच-सहा दिवसांत वास इतका उतरला कीं, नातवंडें पुन्हां खोलींत येऊन पत्ते खेळूं लागलीं. एवढ्याशा गोळ्या, ज्या हगवणीसाठीं कोणत्याहि दवाखान्याच्या कपाटांत असतात! ज्या वासानें आमच्या घरांतलें एक माणूस जिवंतपणींच वाळींत पडलें होतें, तो या भुकटीनें गेला. सहाव्या दिवशीं काकांनीं पाटीवर लिहिलें, “दहापैकीं नऊ.”

“एक कां कापला, गुरुजी?”

“पहिल्या दिवशीं हात कांपले.”

सिस्टर हंसल्या आणि प्रथमच खुर्ची ओढून बसल्या. त्या दिवशींचा चहा काकूंनीं घरच्या कपांतून आणला. कोणी कांहीं बोललें नाहीं. पेला पुढें कोठें गेला तेंहि आम्हीं विचारलें नाहीं.

येथवर सारें ठीक चाललें होतें. पुढचें सांगावयास आम्हांला लाज वाटते, पण तें सांगितल्याखेरीज या लिहिण्याला अर्थ नाहीं.

गणपति आले. आरतीनंतर सिस्टर काकांच्या खोलींत गेल्या, आम्ही दाराशीं उभे होतों. काकांनीं पाटी पुढें केली. “मला किती दिवस?” घरांत आम्हीं ठरविलें होतें कीं, काकांना कांहीं कळूं द्यावयाचें नाहीं; आणि सिस्टरांनाहि तशी ताकीद दिली होती. त्यांनीं आमच्याकडे एकदां पाहिलें. मग त्या काकांच्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, तुम्हांला काय वाटतें?”

काकांनीं लिहिलें, “दिवाळी नाहीं.”

बराच वेळ गेला. बाहेर मुलें प्रसादासाठीं भांडत होतीं. “मलाहि तसेंच वाटतें,” सिस्टर हळू आवाजांत म्हणाल्या, “पण दुखूं देणार नाहीं, याची खटपट मी करीन.” काकांनीं त्यांचा हात धरला आणि डोळे मिटले. चेहरा आम्हांला दिसत होता. त्यावर भय नव्हतें, पाठीवरचें ओझें उतरलेल्या हमालासारखा तो सैल पडला होता.

आम्हीं तें पाहूनहि पाहिलें नाहीं. सिस्टर बाहेर आल्यावर अंगणांत आम्ही त्यांना नको तें बोललों. तुम्ही डॉक्टर आहांत काय, कोणाला विचारून सांगितलें, उद्यां त्यांनीं अन्न सोडलें तर जबाबदार कोण; सगळें मोठ्या आवाजांत, शेजारपाजारच्यांना ऐकूं जाईल असें. त्या मान खालीं घालून उभ्या राहिल्या. “चुकलें असेल दादा,” एवढें म्हणून त्या गेल्या.

त्या येणें मात्र थांबल्या नाहींत. रोज येत, पट्टी बदलीत आणि खुर्चीला हात न लावतां निघून जात. काका पाटी पुढें करीत. त्या “घरच्यांना विचारा” म्हणत. महिनाभरांत मोठ्या कष्टानें उभा राहिलेला धीर आम्हीं एका संध्याकाळीं आडवा केला होता.

पितृपक्षांत काकांच्या वेदना वाढल्या. सलग दोन रात्री त्यांना झोंप नाहीं. उशी दांतांत धरावी म्हटलें तर दांतहि उरले नव्हते. आम्ही म्हणालों, औषध चालेनासें झालें. तिसऱ्या सकाळीं सिस्टरांनीं गोळ्यांची डबी मागितली, पदरावर ओतली आणि मोजली.

“दादा, दर चार तासांनीं एक, निजतांना दोन, असा हिशोब धरला तर यांत इतक्या गोळ्या उरावयास नकोत.”

उरल्या होत्या, कारण आम्ही त्या देत नव्हतों. काका फार कण्हले तरच एखादी कुटून नळीवाटे देत होतों. अफूची गोळी, संवय लागेल, शुद्ध जाईल, श्वास थांबेल, ही भीति. आणि “मुलांनीं अफू घालून म्हाताऱ्याला निजविलें” असें गांव म्हणेल, ही त्याहून मोठी. ज्याला दिवाळी पाहावयाची नव्हती, त्याला संवय लागेल म्हणून आम्ही जपत होतों!

सिस्टरांच्या जागीं दुसरें कोणी असतें तर अंगणांतल्या त्या संध्याकाळचा हिशोब तेव्हां चुकता करतें. त्या तसें कांहीं बोलल्या नाहींत. त्या कवठी चाफ्याखालीं गेल्या (आमच्या अंगणांत दूरध्वनीला रेंज तेवढ्याच ठिकाणीं येते) आणि कागदावरच्या मुंबईच्या क्रमांकावर बोलल्या. एक वही पुढें धरून त्यांनीं सारें सांगितलें: कितीदां गोळी मिळाली, वेदना केव्हां वाढते, श्वास मिनिटाला किती, पोट केव्हां साफ झालें. पलीकडून डॉक्टरीणबाई बोलत होत्या. शेवटीं सिस्टर म्हणाल्या, “होय मॅडम, मलाहि तसेंच वाटलें होतें.” परत आल्या तेव्हां चालण्यांतच फरक होता. घड्याळाप्रमाणें गोळ्या सुरू झाल्या, आणि चवथ्या वेळेनंतर काका सहा तास झोंपले. उठल्यावर त्यांनीं पाटीवर लिहिलें, “कोण म्हणतें शुद्ध जाते? आज वार कोणता, शुक्रवार ना?” शुक्रवारच होता.

त्या रात्रीं आम्हीं सिस्टरांची क्षमा मागितली. मग त्या बोलल्या. जखमेची त्यांना भीति नव्हती. रक्त-पू त्यांनीं खूप पाहिलेलें. भीति होती ती निराळीच. आपण दिलेल्या गोळीनंतर रोगी गेला तर नांव आपलें होणार. रोग्यानें मरणाचें विचारलें तर काय बोलावें हें कोणी शिकविलेलें नाहीं. आणि मोठ्या दवाखान्यांत निदान शेजारच्या टेबलावर दुसरी सिस्टर असते, येथें आपण एकट्या. “मला वाटे, मला येत नाहीं म्हणून भीति वाटते. खरें म्हणजे येत होतें, दादा. पण बरोबर आहे असें म्हणणारें कोणी नव्हतें.”

धीर हा स्वभावाचा गुण, कोणाजवळ असतो, कोणाजवळ नसतो, असें आम्ही तोंवर समजत होतों. तसा तो नाहीं. विलायतेंतल्या सिसिली साँडर्स यांची हकीकत पाहा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्या परिचारिका झाल्या, पाठीच्या दुखण्यानें तें काम सुटलें, तरी मरणोन्मुख रोग्यांच्या वेदनांचा विचार सुटेना. परिचारिकेचें कोणी ऐकणार नाहीं, वैद्यक शिका, असा सल्ला एका शस्त्रवैद्यानें दिला, म्हणून तिशी उलटल्यावर त्या पुन्हां विद्यार्थिनी झाल्या आणि १९५७ मध्यें डॉक्टर झाल्या. वेदना उठण्याची वाट न पाहतां घड्याळाप्रमाणें मॉर्फीन द्यावें, हा परिपाठ त्यांनीं रुजविला व १९६७ मध्यें लंडनांत सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलें. एवढ्या कर्तबगार बाईला आपलें म्हणणें ऐकलें जावें म्हणून पदवी बदलावी लागली! आमच्या सिस्टरांना कोणी पदवी बदलावयास सांगितलें नाहीं. आम्हीं नुसता आवाज चढविला, काम तेंच झालें.

मॉर्फीनविषयींची भीति आमच्याच घरची नव्हे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें या औषधाभोंवतीं परवान्यांचें असें कुंपण घातलें कीं, कित्येक रुग्णालयांनीं तें ठेवणेंच सोडून दिलें. आणि हें कोणत्या देशांत, तर जेथें मंदसोर-नीमचकडे सरकारच्या देखरेखीखालीं अफूचें पीक निघतें तेथें. २०१४ मध्यें कायदा सुधारून मान्यताप्राप्त रुग्णालयांची वाट पुष्कळ मोकळी केली. पण डहाणूच्या बाजारांत जाऊन ही गोळी आणतां येत नाहीं. दर पंधरवड्याला आमच्यापैकीं एकजण मुंबईस जाई. आमचें निभावलें, घरांत जाणारीं माणसें होतीं.

असें काम खेड्यांत होतच नाहीं, असेंहि नाहीं. मुंबईस वांद्र्याला शांति आवेदना सदन हें देशांतलें पहिलें हॉस्पिस १९८६ मध्यें निघालें, पण तें झालें शहरांतलें घर. केरळांत निराळी वाट काढली. कालिकतला १९९३ मध्यें कांहीं डॉक्टर व त्यांचे स्नेही यांनीं वेदनाशमनाची संस्था काढली. तीं बीजें गांवोगांव पसरलीं. २००८ मध्यें तेथील सरकारनें या कामाचें धोरणच जाहीर केलें. आज तेथें नर्सबाई घरोघर जातात, बरोबर गांवचे स्वयंसेवक असतात, मागें डॉक्टर असतात. आमच्या मनांत येतें कीं, या युक्तीचें आम्हां डहाणूकरांना नवल वाटूं नये. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळाच त्यांच्या अंगणांत नेऊं, असें म्हणून ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ मध्यें बोर्डीस काम मांडलें आणि १९५७ मध्यें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. साध्यासुध्या बायांना शिकवून त्यांच्या हातून त्यांनीं बालवाड्या चालविल्या. आणि त्या बायांच्या पाठीशीं ताराबाई-अनुताई उभ्या होत्या.

काकांचें शेवटचें सांगावयाचें राहिलें. कोजागिरीच्या रात्रीं त्यांचा श्वास बदलला. सिस्टर दोन वाजतां स्कूटीवरून आल्या. श्वासांत खंड पडतील, घशांत घरघर होईल, हातपाय गार पडतील, आणि ऐकणाऱ्याला जेवढा त्रास होतो तेवढा त्यांना होणार नाहीं, असें त्यांनीं आम्हां सर्वांना, मुलांनासुद्धां, बसवून सांगितलें. थोरल्या भावानें रुग्णवाहिका बोलावूं का विचारलें. “तुम्हांला हवी असेल तर बोलावूं. गुरुजींनीं मात्र घरींच राहीन असें लिहिलें आहे,” त्या म्हणाल्या. काकांना त्यांनीं कुशीवर वळविलें; घरघर कमी झाली. काकू गंगाजळाची लोटी घेऊन आल्या, तेव्हां त्या म्हणाल्या, “काकू, घशांत ओतूं नका, ठसका लागेल. बोट भिजवून ओठांना लावा.” काकूंनीं तसें केलें, तुळशीचें पान ओठांवर ठेवलें. पहाटे सव्वापांचला काका गेले. सिस्टरांनीं नळी काढली, जखमेवर स्वच्छ पट्टी घातली, उरलेल्या गोळ्या मोजून वहींत लिहिल्या आणि त्या परत करावयास आमच्या हातीं दिल्या. मग त्या न्हाणीघरांत जाऊन रडल्या. काकूंनीं त्यांना आपल्या शेजारीं बसविलें.

पुढच्या वर्षीं सिस्टरांची बदली तलासरी तालुक्यांत झाली. २०२३ च्या दिवाळीनंतर त्यांचा दूरध्वनी आला: काकांची हवेची गादी अजून आहे का? आम्ही ती घेऊन गेलों. हमरस्ता सोडून बरेंच आंत, कापणी झालेल्या भातखाचरांमधून वाट. पाड्यावर अर्धीं घरें बंद. माणसें वीटभट्ट्यांवर निघून गेलेलीं. एका कुडाच्या घरांत एक म्हातारी निजली होती. स्तनाचा कर्करोग, पाठीला जखम पडूं लागलेली. मुलगा-सून भट्टीचा उचल घेऊन बसलीं होतीं, त्यांना जाणें भागच होतें. मागें थांबला होता पंधरा-सोळा वर्षांचा धाकटा नातू. थोरला कागदपत्रें घेऊन मुंबईस गेला होता, दोन दिवसांची मजुरी बुडवून, मॉर्फीनसाठीं. तो येईपर्यंत सिस्टर जवळच्या साध्या गोळ्यांवर भागवीत होत्या, आणि त्या पुरत नव्हत्या.

आमची गादी कामाची ठरली नाहीं. तिला विजेचा पंप लागतो, आणि त्या घरांत वीज दिवसाकाठीं कितीदां जाते याचा नेम नव्हता. सिस्टरांनीं ती गुंडाळून कोपऱ्यांत ठेवविली आणि नातवाकडून पेंढा आणवून जुन्या लुगड्यांत दोन तक्के भरले. तो विचारीत होता, आजी किती दिवस? त्याच्या भाषेंत त्या कांहींतरी बोलल्या. फार शब्द नव्हते. तो रडला, आणि मग त्यानें कोठें धरावयाचें तें विचारलें.

“दादा, तुम्ही खांद्याकडून धरा. तूं गुडघ्यांकडून. ओढूं नका, उचला. आतां डाव्या कुशीवर.”

म्हातारी हलकी होती, काकांहून हलकी. सिस्टरांनीं पाठीमागें तक्का सरकविला, चादरीची सुरकुती काढली, आणि नातवाच्या मोबाईलवर दोन-दोन तासांचे गजर लावून दिले. शेवटच्या गाडीनें भाऊ येईल, असें तो आम्हांला सांगत होता.